चौदा एप्रिलवाली पोट्टी

मुलगी मी जन्माला घातली, आणि तिची तारीख माझ्या सासऱ्यांनी ठरवली. ही गोष्ट मी इतकी वर्षं पोटात ठेवली. आणि गोष्टी पोटात ठेवणं माझ्या, म्हणजे अंजनाच्या, स्वभावात नाही, हे मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या वॉर्डात कोणालाही विचारा.

मुलगी म्हणजे संघमित्रा, घरची मित्रा. जन्म बावीस ऑगस्टचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्या दिवशी पहाटे आमच्याकडे पोरं मारबत काढतात. गवत-चिंध्यांची एक भुताळी बाई करायची, गल्लीगल्लीतून ओढत न्यायची आणि 'खासी-खोकला घेऊन जा गे मारबत' असं बोंबलत गावाबाहेर फेकून यायची. मी बाळंतपणाला किरनापूरकडे माहेरी जाणार होते, पण पोरीला तीन आठवड्यांची घाई. पहाटे पाचला कळा सुरू झाल्या. माझे यजमान महेंद्र ऑटो घेऊन आले, आणि तो ऑटो वळणावरच बंद पडला. मग तो ढकलत सरकारी दवाखान्यापर्यंत नेला. कोणी ढकलला ते मला विचारू नका, मी माझ्या कामात होते. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मित्रा झाली आणि दवाखान्याच्या वहीत तशी नोंदही झाली.

पाच वर्षांनी सासरे तिला शाळेत घालायला घेऊन गेले. परत आले तेव्हा हातातल्या चिठ्ठीवर जन्मतारीख होती चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती!

मी विचारलं, "मामाजी, हे काय?"

"गुरुजीनं विचारलं, तोंडातून निंगून गेलं," ते म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

आता माझे सासरे महागू म्हणजे साधा माणूस नव्हे. दर रविवारी विहारात वंदना तेच घेतात, साऱ्या वॉर्डाला पंचशील तेच देतात. घरी नको असलेला पाहुणा आला आणि मी आतून 'घरी नाही म्हणून सांगा' असं खुणावलं, तर हे बाहेर जाऊन सांगणार, "हाय घरी, पण तुमाले भेटाचं नाही म्हनते." असा माणूस शाळेत धडधडीत खोटं बोलून आला होता. मी भांडले. महेंद्र म्हणाले, "जाऊ दे ना, चार महिन्यांचाच फरक हाय." नवऱ्यांना चार महिने काय वाटतात! नऊ महिने काढायला सांगा एकदा.

पण गोष्ट वाढत गेली. पुढच्याच जयंतीला कोणीतरी मंचावर केक आणला आणि 'जयंतीच्या दिवशी जन्मलेली आपली संघमित्रा' म्हणून पोरीला वर उभं केलं. मग दरवर्षी तेच. निळी फीत, केक, टाळ्या. मीही खाली बसून टाळ्या वाजवल्या. आणि बावीस ऑगस्टला कोणाला काही न सांगता तांदळाची खीर करत राहिले. मित्रानं विचारलं की म्हणायचे, दूध जास्त झालं होतं.

मामाजी मॅंगनीजच्या खाणीत कामाला होते. लोखंडी सळी घेऊन पुढे जायचं, डोक्यावरचं छत ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. ठण्ण वाजलं तर मागच्यांनी यायचं. भद्द वाजलं तर सगळ्यांनी पळायचं. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि त्यांच्या हाताखालचा एकही माणूस दगडाखाली गेला नाही. खाणीच्या कार्डावर मात्र लिहिलं होतं, 'अकुशल कामगार'. ते कार्ड अजून त्यांच्या पेटीत आहे.

मित्राला त्यांनी हाच खेळ शिकवला. घराच्या भिंती, शेजाऱ्यांचा स्लॅब, दवाखान्याचा दरवाजा, पोरगी सगळं ठोकत फिरायची. पुढे नागपूरला खाणकामाची इंजिनीअर झाली, मग राजस्थानात नोकरी. काम तेच, छत ठोकणं. फक्त सळीच्या जागी मशीन आलं. आणि मागच्या ऑक्टोबरात स्वीडनमधल्या एका खाणीनं तिला बोलावलं.

ती घरी आली, खाटेवर लॅपटॉप उघडून बसली आणि तिकडे राहण्याच्या परवान्याचा अर्ज भरायला लागली. मामाजी बाजूला खुर्ची ओढून बसले.

"हे का लेहून राह्यली?"

"आबाजी, कोणत्या प्रकारचा कामगार ते. उच्च कुशल."

"म्हंजे?"

"म्हणजे बहुत हुशार."

"अन् काम का?"

"छत ठोकाचं."

मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हसू दोन दिवस टिकलं. कंपनीच्या वकीलबाईंनी जन्माचा दाखला मागवला. मित्रा नगरपालिकेतून नवा काढून घेऊन आली ती दारातच उभी राहिली. चप्पलही काढली नाही.

"आई, मैं पैदा कब हुई?"

मी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी भिंतीकडे पाहिलं.

सांगावं लागलं. पासपोर्टवर चौदा एप्रिल, दहावीच्या मार्कशीटवर चौदा एप्रिल आणि दाखल्यावर बावीस ऑगस्ट. मित्रानं वकीलबाईंना सगळं खरं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं की घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्यानं चुकीची तारीख दिली त्यानं ती का दिली हे शपथेवर लिहून द्यावं, आणि जन्म कधी झाला ते ठाऊक असलेले घराबाहेरचे दोन साक्षीदार द्यावेत. मुदत बारा दिवस. त्यानंतर जानेवारीची जागा दुसऱ्याला जाणार.

मला वाटलं, सुटलो! मामाजींना म्हटलं, "चला, उद्याच जाऊ नोटरीकडे."

ते म्हणाले, "मी लेहून देऊ, का मी खोटं बोललो?"

"हौ."

"शपथ घेऊन?"

"हौ मामाजी. खरं बोलायची शपथ घेऊन सांगायचं की खोटं बोललो होतो."

"अन् गवाह कोठचे? वॉर्डातलेच ना?" ते उठले. "साऱ्या वॉर्डानं केक खाल्ला अंजना. मी त्याईले दर रविवारी शील देतो. कोन्या तोंडानं जाऊ?"

आणि खोलीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी नीट जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी चहासुद्धा अर्धा ठेवला. महेंद्र म्हणाले, वारासिवनीला ओळखीचा एक एजंट आहे, दाखलाच बदलून देईल. मित्रानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर उलटा धरून वाचायला लागले.

आठव्या दिवशी माझा पारा चढला. मी दारात उभी राहून म्हटलं, "मामाजी, पोरीपेक्षा तुमची इज्जत मोठी झाली का?"

म्हटलं आणि लगेच जीभ चावली. म्हातारा माणूस, त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. मित्रा आत आली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"आबाजी, राहू द्या. मले नाही जायचं. राजस्थानची नोकरी चांगली हाय."

 त्या रात्री मी ताट नेलं तर त्यांनी दोन भाकऱ्या मागितल्या. मला काही कळेना, हे चांगलं लक्षण की वाईट.

दुसरा दिवस रविवार. मामाजी पांढरे कपडे घालून विहारात गेले. आम्ही तिघंही मागोमाग गेलो. वंदना झाली, पंचशील झालं. 'खोटं बोलणार नाही' या शीलापाशी त्यांचा आवाज अडकला, मग पुढे गेला. लोक उठायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"बसा जराशे. मले सांगाचं हाय."

सगळे बसले.

"माही संघमित्रा चौदा एप्रिलची नाही. मारबतीच्या दिवशीची हाय. साळेत मी खोटी तारीख लेहून देल्ली." त्यांनी काठी घट्ट धरली. "तुमाले सांगतो काहून. ते लहान होती तं पोट्टे तिले मारबत म्हनत. एक दिवस रडत आली अन् मले विचारते, आबाजी, मलेबी गावाबाहेर फेकून देतीन का? मी साऱ्याईले सांगो, का शुभ-अशुभ काही नसते. पन चार वर्साच्या पोट्टीले मले समजवता नाही आलं. मंग गुरुजीनं तारीख विचारली. माह्यापाशी सगळ्यात मोठी जे तारीख होती, ते मी तिले देऊन टाकली."

मी ऐकतच राहिले. माझी पोर रडत घरी आली होती आणि ते मला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं मी या माणसावर राग धरला होता. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि मी त्या पुसल्यासुद्धा नाहीत.

 मग बायकांच्या बाजूने रुख्माबाई खाकरली. ही आमची शेजारीण, ऐंशीच्या पुढची, माझ्याबरोबर त्या ऑटोत बसून दवाखान्यात आली होती.

"महागू, बस खाली," ती म्हणाली. "आमाले का माहीत नाही का?"

मामाजी उभेच राहिले. "माहीत होतं?"

"अरे, मी होतो ना तिथं! पोट्टीले पयले मी हातात घेतलं."

मागून टिकाराम उठला. आता त्याचं टायरचं दुकान आहे आणि केसही मागे हटलेत. "काकाजी, ऑटो कोनं ढकलला होता? आमीच ढकलला. मी, चैतराम, सगळे. मारबत तिथंच रस्त्यात टाकली अन् ऑटोले लागलो."

"तुमी मारबतीत गेलते?" मामाजींचा आवाज चढला. कारण वॉर्डातल्या पोरांनी मारबतीत जायचं नाही, हा त्यांचाच नियम होता.

टिकारामनं मान खाली घातली. "चोरून गेलतो काकाजी. तुमी रागावसान म्हनूनच तं आमी आजवर बोललो नाही."

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सारा विहार हसला. मामाजी हसत नव्हते. त्यांनी विचारलं, "तं मंग दरसाल केक काहून खाल्ला?"

"चांगला राहे," चैतराम म्हणाला.

रुख्माबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "जलमभर तू वॉर्डासाठी धावला महागू, आमाले कदी काही मागतलं नाही. एक तारीख मागतली, आमी देल्ली. अन् त्या दिवसापासून पोट्टीले कोनी मारबत म्हनलं का?"

तेव्हा मामाजी बसले. काठी बाजूला ठेवली आणि तोंडावर पंचा घेतला.

सोमवारी आम्ही नोटरीकडे गेलो. साक्षीदार दोन हवे होते. टेम्पोतून आले तेवीस. नोटरीनं चष्मा वर करून मला म्हटलं, "अम्मा, दो गवाह बोला था, बारात नहीं." रुख्माबाईनं अंगठा दिला, टिकारामनं सही केली आणि बाकीचे एकवीस आपापलं आधार कार्ड दाखवत उभे राहिले, न जाणो लागलंच तर! मामाजींनी त्यांचा जबाब स्वतः बोलून लिहवून घेतला. एक शब्दही गाळला नाही.

"आपकी जन्मतिथि?" नोटरीनं विचारलं.

"कार्डावर एक जुलै हाय. खदानीच्या बाबूनं आपल्या मनानं लेहेली. आमी साठ जन एकाच दिवशी जल्मलो."

"और असली?"

"मायले माहीत होती. ते गेली."

नोटरीनं कागदावर लिहिलं, उम्र करीब अठहत्तर साल. मित्रा शेजारी उभी होती. तिनं आबाजींचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

डिसेंबरात परवाना आला. मित्रानं मोबाइलवर दाखवला आणि मामाजींनी पेटीतून आपलं कार्ड काढून बाजूला धरलं. अकुशल आणि उच्च कुशल.  मग म्हणाले, "लेहू दे त्याईले. ठोकनं तं तेच हाय."

"आबाजी," मित्रा म्हणाली, "माह्यापाशी आता दोन तारखा झाल्या. तुमच्यापाशी एकबी नाही."

"मले का करायची हाय या वयात?"

"चौदा एप्रिल कागदावर माही राहू द्या. घरी अन् वॉर्डात ते तुमची."

ते नाही म्हणाले. तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा मान डोलावली.

या वर्षीच्या जयंतीला मंचावर निळी फीत बांधून माझे सासरे उभे होते, आयुष्यातल्या पहिल्या वाढदिवसाला. चैतरामनं धरलेल्या मोबाइलमध्ये मित्रा होती, टोपी-मफलरात गुंडाळलेली, मागे पांढराशुभ्र बर्फ. मामाजींनी सुरी हातात घेतली, आणि कापण्याआधी सुरीच्या मुठीनं केकचा खोका दोनदा ठोकून पाहिला. पलीकडून मित्रा ओरडली, "ठण्ण का भद्द, आबाजी?"

"ठण्ण," मामाजी म्हणाले, आणि सारा वॉर्ड टाळ्या वाजवत उठला. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

आता ऑगस्टात पोळा येईल. बावीस तारखेला मी सगळ्या वॉर्डाला बोलावून खीर खाऊ घालणार आहे, आणि दूध जास्त झालं होतं असं म्हणणार नाही. चौदा एप्रिल ज्याला हवी त्याला घेऊ द्या. बावीस ऑगस्ट माझी आहे, ती मी कोणाला देणार नाही.