तिसरी खेप

रोज तीन टँकर मंजूर. दोन गावाच्या विहिरीत अन् तिसरी खेप आमच्या वस्तीच्या हौदात. आठ दिवस झाले, दोनच येऊन राहिले. घरात माझी लेक बाळंतीण, अन् मी धुरपताबाई दोन किलोमीटरवरून घागरी वाहून राहिले. डोकं फिरणार न्हाई तर काय!

जळकोटला तहसीलात इचारलं, तर साहेबांनी मोबाईलच दाखवला. "टँकरला जीपीएस हाय, बाई. रोज चारला तुमच्या हौदापाशी येतो."

चारला काय येतं ते मी बघितलं. टँकर कुठला, फटफटी! टँकरचा ठेकेदार अन् ड्रायव्हर एकच, मल्लेश. त्याचा दोस्त बजरंग ती हौदापाशी लावायचा अन् टपरीवर चहा ढोसत बसायचा. हँडलच्या पिशवीत टँकरची जीपीएसची डबी! टँकर तिकडं मंगल कार्यालयाच्या बांधकामावर रिकामा होऊन राहिला. थांबा मेल्यांनो, म्हणलं.

दुसऱ्या दिवशी बजरंग चहाला बसला, तशी डबी काढली. माझी भाची लुंबिनी नांदेडच्या बसला उभी व्हती, तिच्या पर्समधी टाकली. "चांगली फिरव गं हिला," म्हणलं.

बजरंगनं पिशवी चाचपली अन् त्याचं तोंडच उतरलं. मल्लेशला फोन गेला. तो असा घाबरला, की पाणी विकायला निघालेला टँकर थेट आमच्या हौदावर आणला. पाण्याचा आवाज ऐकून बाया हंडे घेऊन पळाल्या. लई बरं वाटलं मला.

सातला साहेबांची जीप आली, तवाबी मल्लेश डबी हुडकत टँकरपाशीच व्हता. टँकर हद्दीबाहेर गेला म्हणून त्यांना मेसेज आलेला.

"मल्लेश, टँकर कुठंय?"

"हा काय, साहेब! तुमच्या म्होरं."

साहेबांनी मोबाईल बघितला. "हितं तर नांदेडला दिसून राहिला. साडीच्या दुकानात. डबी काढली व्हती का? खरं सांग. काढली असंल तर ठेका आजच रद्द."

मल्लेशनं टँकरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पदरानं वारा घेत उभी.

त्यानं हात जोडले. "टँकर नांदेडलाच हाय, साहेब."

"मग हा टँकर अन् हे पाणी कुणाचं?"

"हा दुसरा, माझा घरचा. पाणी धर्माचं वाटून राहिलो."

"अन् वस्तीची आजची खेप?"

"ती... ती राहिली, साहेब."

"म्हंजे उद्या तीन अन् आजची राहिलेली एक," मी म्हणलं. "चार न्हाई का रे?"

"हाव, अक्का. चार."