पान्ह्याची झडती

बाळाचे लंगोट बाहेर वाळत घालायचे नाहीत, एवढं शहाणपण गल्लीतल्या प्रत्येक आईला पहिल्याच दिवशी आलं होतं. दुरून आलेल्या ज्योतिषांनी राजाला सांगितलं होतं की या गावात एक मुलगा जन्मलाय, तो पुढे तुझ्या गादीवर बसेल. कोणता, ते त्यांना सांगता येईना. मग राजाने सोपा उपाय काढला : दोन वर्षांच्या आतले सगळेच मुलगे मारा. शिपाई आधी दोऱ्यांकडे बघत. जिथे लंगोट, तिथे बाळ.

धुणंवालीचा मुलगा सहा महिन्यांचा होता. तिच्या अंगणात साऱ्या गावाचे कपडे वाळत, पण स्वतःच्या पोराचे लंगोट ती पिळून आपल्याच पोटाछातीला गुंडाळी आणि वरून झगा घाली. अंगाच्या उबेवर ते वाळत. गारठा हाडापर्यंत जाई, पण बाहेर काही दिसत नसे.

त्या दिवशी सकाळी शेजारची दोर वळणारी आली. काखेत पोर, जेमतेम तीन महिन्यांचं.

"ताई, तुझ्याकडे ठेव गं याला. माझ्या घरात उंदीर लपवायचा म्हटला तरी शेपूट बाहेर राहील."

धुणंवालीने कोपऱ्यातला वेताचा मोठा हारा ओढला. तळाशी मऊ चादर, तिच्यावर दोन्ही पोरं, श्वासाला जागा राहावी म्हणून त्यांच्यावर एक उपडी टोपली, आणि सगळ्यांत वर शिपायांचे मळके सदरे. चौकीचं धुणं तिच्याकडेच असे. त्या घामट ढिगात हात घालायला कुणी धजलं नसतं.

"अगं, वासानेच मरतील की!" शेजारीण म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"वासाने कुणी मेलं नाही अजून. पाजलंस ना पोटभर?"

"पाजलं. पण ताई, त्यांनी नवीन युक्ती काढलीय. काल पलीकडच्या गल्लीत एक तान्ही मुलगी घेऊन फिरत होते. उपाशी ठेवलेली. दारात आणून रडवायची, आणि बायकांच्या छातीकडे बघायचं."

धुणंवालीच्या हातातला साबण निसटला. लंगोट लपवता येतात, पान्हा कसा लपवायचा? दुसऱ्याचं पोर रडलं तरी तो फुटतो. आईला विचारून थोडाच येतो!

तिने फळीवरून धुतलेल्या लंगोटांची चळत काढली. गोठ्यात उतरलेल्या सुताराच्या बायकोने धुवायला दिले होते ते. चार दिवसांपूर्वी ती माणसं बाळाला घेऊन पहाटेच निघून गेली, धुणं न नेताच. गोठ्याच्या मालकाला सुतार एवढंच म्हणाला होता, स्वप्न पडलं, देवदूताने पळा म्हणून सांगितलं.

"एवढ्या लांब आला होता देवदूत," शेजारणीची छाती त्या कापडांनी करकचून बांधताना धुणंवाली पुटपुटली. "आणखी दोन दारं वाजवली असती तर काय पंख झडले असते त्याचे?"

शेजारीण आपल्या घरी परतली. भर दुपारी रडणं ऐकू आलं. आधी गल्लीच्या टोकाला, मग जवळ, मग दारात.

तीन शिपाई होते. एकाच्या हातात ती मुलगी, रडून रडून घसा बसलेली. मुलगी म्हणून तिला मारायचा हुकूम नव्हता. धुणंवालीच्या छातीत कळ आली आणि ऊब पसरली. कळलं, पण थांबवता आलं नाही. त्याहून मोठी धास्ती हाऱ्याची. रडण्याला रडणं चढतं. एकाने सूर लावला की दुसरं साथ देतंच. तिने धोपाटणं उचललं आणि ओली चादर दणादण बडवायला घेतली. पाणी चौफेर उडालं.

"ए, थांबव ते!" जमादार ओरडला. "ही बघा रे, पुढून सगळी भिजलीय."

"भिजणार नाही तर काय, दादा? धुणंवाली कोरडी दिसली तर तुमचे कपडे काय भुतं धुतात?"

दुसरा शिपाई फिसकन हसला. "खरंय जमादार. हिला कोरडी मी कधी पाहिलीच नाही."

आतले लंगोट, मधलं दूध, वरचं पाणी : कुठली ओल कसली, कुणाला कळणार? हसणाऱ्याने हाऱ्यातला एक सदरा दोन बोटांनी उचलला, नाक मुरडलं आणि सोडून दिला.

"तुमचाच असेल," ती म्हणाली आणि बडवत राहिली.

ते गेले तसा तिने हाऱ्याला कान लावला. दोन श्वास. एक बारीक, एक जरा घरघरता.

तोवर रडणं शेजारी पोहोचलं. मधली भिंत पातळ होती. बांधलंय घट्ट, ती मनाला सांगत राहिली, काही दिसायचं नाही, आता निघतील. मुलीचं रडणं क्षीण झालं, नुसते हुंदके उरले, आणि मग एकदम थांबलं.

असं रडणं एकाच गोष्टीने थांबतं. वेडीने स्वतःच्या हाताने गाठ सोडली होती.

"सापडली!" जमादाराचा आवाज. "तुझं पोर कुठंय?"

"गेलं. आठ दिवस झाले."

भांडी आपटली, दोरांची भेंडोळी फरफटली. उंदीरसुद्धा मिळाला नाही. मग त्यांनी तिलाच बाहेर काढलं. दाराच्या फटीतून धुणंवालीला दिसलं : मुलगी तिच्या छातीला लागलेली, सुताराच्या बाळाचे लंगोट पायांत लोंबतायत. तिने या दाराकडे मान वळवली नाही. एवढंच म्हणाली, "ओढू नका हो. पितेय ती."

तिचं पोर काल संध्याकाळपर्यंत रडत होतं, हे गल्लीत कुणी ना कुणी बोलणारच. वेळ होता तो तेवढाच. धुणंवालीने डोक्यावर चुंबळ ठेवली, हारा उचलला आणि रोजच्यासारखी नदीच्या वेशीकडे निघाली. नदीपलीकडे सुतार गेला ती वाट होती.

"आज जड दिसतंय," वेशीवरचा पहारेकरी म्हणाला.

"तुमच्याच घामाचं वजन, दादा."

तो हसून बाजूला झाला. ती चार पावलं गेली असेल-नसेल, हाऱ्याच्या विणीतून एक कोमट धार तिच्या कपाळावर उतरली, तिथून मानेवर. नदीवर निघालेलं मळकं धुणं कधी गळत नाही, हे पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं. दोघांतला कुठला लबाड मुतला, कोण जाणे. तिने पुसायला हात वर नेला नाही. ओल पाठीवर उतरू देत, मागून हाक येते का याकडे कान लावून, ती चालत राहिली.