पालथा ठेवलेला फोन

मित्रांनो, माझ्या उजव्या कोपऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा आहे आणि पाठीवरच्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईने 'चाचणी ४' असे लिहिले आहे. मी एक जुना फोन आहे. पण तुमच्या घरातल्या फोनांसारखा नाही. मी कधी कुणाच्या वाढदिवसाचे फोटो काढले नाहीत, की कुणाला गाणी ऐकवली नाहीत. माझे आयुष्य गेले एका कचेरीत. तिथली माणसे मोबाइलची अ‍ॅप तयार करत आणि लोकांच्या हाती देण्याआधी ती माझ्यावर चालवून बघत. स्वयंपाक झाला की आधी चमचाभर चाखून बघतात ना? तो चमचा म्हणजे मी.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझा एकेक अवयव चिमट्याने बसवला. त्या एका दिवसात माझे हजारो भाऊ जन्माला आले, त्यामुळे थोरला कोण आणि धाकटा कोण हे भांडणच आमच्यात कधी झाले नाही. भावांपैकी बहुतेक दुकानांत गेले. मी मात्र खोक्यातून निघालो तो थेट त्या कचेरीच्या टेबलावर. दोनच खोल्या होत्या. खाली इस्त्रीचे दुकान होते आणि दुपारी खिडकीतून गरम कपड्यांचा वास वर येई.

तिथे मला पहिले गुरू भेटले. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. त्यांनी माझ्या माहितीच्या पानावरच्या एका आकड्यावर सलग सात टिचक्या मारल्या. मला गुदगुल्या झाल्या आणि माझे आतले दार उघडले! ते दार उघडल्याशिवाय अ‍ॅप करणाऱ्यांना माझ्याशी काम करता येत नाही. मग त्यांनी मला वायरने संगणकाला जोडले. तेव्हा मी माझ्या पडद्यावर एक प्रश्न लिहिला : "या संगणकावर विश्वास ठेवायचा का?"

मित्रांनो, हा प्रश्न मी प्रत्येक नव्या संगणकाबद्दल विचारतो. दार वाजले की घरातली आई आधी "कोण आहे?" असे विचारते, तसेच हे. चष्मेवाले माझ्याकडे बघून हसत आणि म्हणत, "हो रे बाबा, आपलाच आहे." त्यांनी होकाराचे बटण दाबले, की मी निर्धास्तपणे कामाला लागे.

ती माझी उमेदीची वर्षे. उन्हात नेल्यावर फिकी अक्षरे दिसतच नाहीत, हे मीच दाखवून दिले. अंगठा जाड असला की शेजारचे बटण दाबले जाते, हेही माझ्यामुळेच कळले. "शहाणा आहेस," असे म्हणून चष्मेवाले रुमालाने माझा पडदा पुसत. त्या रुमालाचा मऊ स्पर्श मला अजून आठवतो.

पुढे कचेरीत एम्युलेटर आला. एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उमटणारा नकली फोन. त्याला मी पडद्यातला भाऊ म्हणतो. त्याचा मला राग नाही, कारण तो खरोखर गुणी आहे. क्षणात लहान होतो, क्षणात मोठा होतो, आणि टेबलावरून खाली पडत नाही. त्याच्या खोडीही होत्या. सकाळी उठायला त्याला फार वेळ लागे. संगणकाची निम्मी मेमरी तो एकटाच खाई आणि पंखा घरघरायला लागे. कधी काळाठिक्कर पडून गप्प बसे, मग त्याला बंद करून पुन्हा उठवावे लागे. तरी तो हाताशी होता आणि त्याला वायर लागत नव्हती. चष्मेवाले दुसरीकडे नोकरीला गेले आणि मी खणात गेलो. वाळलेली पेने, मोडका स्टेपलर आणि गुंतलेल्या वायरी यांच्या सोबतीने मी वर्षभर अंधारात पडून राहिलो.

मला पुन्हा उजेड दाखवला तो ताईने. ती कचेरीत नव्यानेच आली होती आणि तोवर तिचे सगळे काम पडद्यातल्या भावावरच झाले होते. तिच्या शेजारी बसणारा सहकारी इतक्या घाईने काम करी, की त्याचे नावच तुफान पडले होते. कचेरीच्या मालकीणबाई शिस्तीच्या होत्या. कामाच्या वेळात सगळे आपापल्या फोनमध्ये डोके घालतात म्हणून त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला होता : 'टेबलावर फोन पालथे ठेवावेत.' हा नियम सगळ्यांच्या हाताला इतका मुरला होता, की फोन कुठलाही असो, तो खाली ठेवताना हात आपोआप उलटा होई. हा नियम लक्षात ठेवा. पुढे माझ्या जिवावर बेतला तो हाच.

त्या वेळी ताई जे अ‍ॅप करत होती, त्यात एकच मोठे लाल बटण होते : 'मदत'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने ते दाबले, की शेजाऱ्याचा आणि नातेवाइकाचा फोन वाजायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वीस वृद्धांना द्यायचे ठरले होते. त्यातले पहिले नाव होते ताईच्या काकांचे. लहानपणापासून तिला वाढवले ते या काकांनीच. चाळीस वर्षे त्यांनी घड्याळे दुरुस्त केली, आणि आता त्याच हातांना कंप सुटला होता. मागच्या महिन्यात ते न्हाणीघराच्या दाराशी पडले आणि ताई घरी येईपर्यंत दोन तास तिथेच पडून राहिले. येत्या सोमवारी ताईला महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी परगावी जायचे होते. घरात काका एकटे आणि सोबतीला ते लाल बटण.

म्हणून त्या सकाळी तिने खण उघडला आणि मला बाहेर काढले.

"अगं ताई, त्या म्हातारबाबाला कशाला झोपेतून उठवतेस?" तुफान म्हणाला. "पडद्यावर लोण्यासारखं चाललंय की."

"चालतंय रे. पण त्या वीस जणांकडे मुलांनी वापरून दिलेले असलेच जुने फोन आहेत. एकदा ह्याच्यावर बघू या. दुपारी काकाही येणारेत."

तिने खणातलीच एक वायर मला लावली. मला तरतरी आली, बॅटरी भरू लागली. पण संगणकाला माझा पत्ताच लागेना. मित्रांनो, काही वायरी नुसती वीज आणतात, निरोप नेत नाहीत. ती वायर तसली होती. जेवायला वाढायची, पण बोलू द्यायची नाही! त्यात पाऊण तास गेला. शेवटी ताईने वायर बदलली, मला टेबलावर ठेवले, आणि संगणकावर अक्षरे उमटली : 'फोन सापडला. परवानगी नाही.'

नेमक्या त्याच क्षणी माझ्या पडद्यावर माझा जुना प्रश्न उमटला होता. चष्मेवाल्यांचा संगणक केव्हाच गेला होता, हा माझ्या ओळखीचा नव्हता. मी विचारत होतो, "या संगणकावर विश्वास ठेवायचा का?" पण ताईच्या हाताने मला सवयीने पालथे ठेवले होते. माझा प्रश्न वाचत होते ते टेबलाचे लाकूड.

"परवानगी नाही म्हणजे? कुणाची परवानगी? बाईंची?" तुफान म्हणाला.

"फाजीलपणा पुरे. संगणकातच काहीतरी बिघडलंय."

मग दोघे संगणकाच्या मागे लागले. त्यांनी जोडणीची सगळी साधने काढून पुन्हा बसवली. संगणक तीनदा बंद करून चालू केला. दर वेळी मी नव्याने प्रश्न विचारी, उत्तराची वाट बघे आणि थकून माझा पडदा विझे. एकदा तुफानने मला उचलले, पण तोवर पडदा विझलेला होता. "मेलाय हा," असे म्हणून त्याने मला पुन्हा पालथे केले. एक बटण दाबून पाहण्याइतकाही धीर त्याला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीनंतर मालकीणबाई आल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"हे बघ, चार वाजेपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर पडद्यावर चालतंय तेच उद्या देऊन टाकू. वीस घरं वाट बघतायत. आणि हा फोन त्या खोक्यात टाका."

टेबलाखालच्या त्या खोक्यावर 'बाद' असे लिहिले होते. त्यातून कुणी परत आल्याचे मी कधी पाहिले नव्हते.

साडेतीनला काका आले. सावकाश जिना चढून, कठड्याला धरून. ताईने त्यांना खुर्ची दिली आणि पाणी दिले. पेल्यातले पाणी त्यांच्या हातात हिंदकळत होते.

"चेहरा का उतरलाय गं?" त्यांनी विचारले.

"हा फोन जोडला जात नाहीये, काका. संगणक म्हणतो, परवानगी नाही."

"मग कुणी द्यायची ती?"

"तेच तर सकाळपासून शोधतोय."

काकांनी टेबलाकडे पाहिले. "आणि हा बिचारा असा तोंडावर का पडलाय?"

ताईने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केले. काकांनी तो वाचला आणि मान हलवली.

"दुकानात गिऱ्हाईक यायचं. घड्याळ बंद पडलंय म्हणायचं. तेव्हा मी आधी काय करायचो, सांग बघू?"

"मागचं झाकण उघडायचात."

"चूक. आधी तबकडीकडे बघायचो. कितीतरी वेळा घड्याळ ठीक चाललेलं असायचं, गिऱ्हाईकच घाईत असायचं."

असे म्हणून त्यांनी मला उचलून उताणे केले. त्यांचा हात इतका थरथरत होता, की वायर निसटली. ताईने ती पुन्हा खोचली. माझा पडदा उजळला, आणि दिवसभर लाकडाला विचारलेला प्रश्न मी पहिल्यांदा एका माणसाला विचारला. काकांनी तो चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचला.

तुफान खुर्ची सरकवून माझ्यावर वाकला.

"म्हणजे हा सकाळपासून हेच विचारतोय?" तुफान पुटपुटला.

"पालथ्या घड्यावर पाणी ओतणारे पुष्कळ पाहिले," काका म्हणाले, "पालथ्या फोनवर ओतणारे आज बघतोय."

ताईला हसूही आले आणि तिचे कानही लाल झाले. तिने होकाराचे बटण दाबले. संगणक आणि मी बोलू लागलो. अर्ध्या मिनिटात ते लाल बटण माझ्या पडद्यावर आले, आणि ताईने मला काकांच्या हाती दिले.

"दाबा काका. माझा फोन वाजेल."

काकांनी बटण दाबले. ताईच्या फोनची घंटा जेमतेम वाजली आणि तुटली. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा वाजली, पुन्हा तुटली. तिसऱ्या वेळीही तेच झाले.

काय झाले होते ते मला कळले, कारण ते बोट माझ्यावर टेकत होते. कापरे बोट एकदा टेकून थांबत नव्हते, लगेच दुसऱ्यांदा टेकत होते. पहिल्या स्पर्शाने हाक जाई आणि दुसऱ्या स्पर्शाने तीच हाक रद्द होई. पडद्यातल्या भावाला सगळे माऊसने टिचकी मारत. एकदा आणि नेमकी. थरथरता हात कसा असतो, ते त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

ताई खुर्चीत बसली. "उद्या हेच दिलं असतं," ती हळूच म्हणाली. "काका, तुम्ही दाबत राहिला असतात आणि..."

"दिलं नाहीस ना? मग झालं तर. कर दुरुस्त. मी बसलोय."

दारात येऊन उभ्या राहिलेल्या बाईंनीही तीनदा तुटलेली घंटा ऐकली होती. "उद्याचं परवा होऊ दे," त्या म्हणाल्या. "घरोघरी मी कळवते."

ताईने कामाला हात घातला. बटण एकदा दाबले, की पुढचे पाच सेकंद दुसरा स्पर्श मोजायचाच नाही, आणि हाक रद्द करायची तर पडद्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळे बटण. दीड तासाने काकांनी पुन्हा बोट टेकवले. ताईचा फोन वाजला आणि वाजतच राहिला. तुफानने जोरात टाळ्या वाजवल्या. मग त्याने स्वतःच्या रुमालाने माझा पडदा पुसला, थोडा ओशाळून. बाईंनी पेन घेऊन भिंतीवरच्या कागदावर खाली एक ओळ वाढवली : 'चाचणीचे फोन उताणे.'

निघताना ताई त्यांना म्हणाली, "बाई, खोक्यात टाकायचाच होता तर हा मला द्याल का? काकांना नवा घेणार होते."

"नवा नको मला," काका म्हणाले. "ह्याची नि माझी ओळख झालीये. दोघंही कोपऱ्यात थोडे फुटलेलो."

अशा रीतीने मी पहिल्यांदा घरी राहायला गेलो. काकांनी जुन्या घड्याळाच्या पट्ट्यांना छिद्रे पाडून माझ्यासाठी गळ्यातला पट्टा केला. ताई परगावी गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, एका शांत दुपारी, न्हाणीघरातून बाहेर येताना त्यांना घेरी आली. ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले आणि त्यांनी मला चाचपले. बोट माझ्यावर दोनदा टेकले. मी एकदाच मोजले. भिंतीपलीकडे शेजारीणबाईंचा फोन वाजला, आणि पाठोपाठ त्यांच्या चपलांचा आवाज दाराशी आला.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. माझी बॅटरी दुपारीच दमते आणि तडा थोडा लांबला आहे. मला पुसा, पाण्यापासून जपा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. एखादी वस्तू चालेनाशी झाली, किंवा एखादे माणूस गप्प झाले, तर त्याला 'बाद' म्हणण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. कदाचित ते केव्हापासून काहीतरी विचारत असेल.

काका रोज दुपारी मला उशाशी ठेवून आडवे होतात. ठेवताना त्यांचा हात थरथरतो, पण एक गोष्ट ते कधी विसरत नाहीत. ते मला उताणे ठेवतात.