पौषातले खेळ

"आज ऊन ओट्यावर येईस्तोवर तिकडंच थांब," घोंगडीतून तोंड बाहेर काढून भुजंग सुनेला म्हणाला. "त्यानं हाक मारली तरी येऊ नको."

सीमा कडब्याच्या गंजीआड जाऊन उभी राहिली. इकडे अंगणात घोंगडीच्या काळोखात दोन वर्षांचा अंगद आजोबाच्या मांडीवर बसून खिदळत होता. बाहेर पौषातला गार वारा सुटलेला, आत मेंढरांचा उबदार वास. भुजंग घोंगडीचं टोक उचलायचा, उजेड डोळ्यांवर आला की पोरगं किंचाळायचं आणि पुन्हा आजोबाच्या कुशीत दडायचं. पाच-सहा वेळा असं झालं. मग त्यानं मान बाहेर काढून अंगणभर पाहिलं.

"आई?"

त्याचे ओठ वाकडे व्हायच्या आत भुजंगनं तागाच्या वाळल्या शेंगांचा झुबका त्याच्या कानाशी खुळखुळ वाजवला. पोरगं हसलं आणि आईला विसरलं. गंजीआड सीमानं पदराचा बोळा तोंडात धरला असणार, हे भुजंगला न बघताही ठाऊक होतं.

गेल्या वैशाखात वळवाच्या पावसात भुजंगचा एकुलता एक मुलगा परमेश्वर मेंढरं घेऊन झाडाखाली थांबला होता. वीज पडली. चार मेंढ्या गेल्या आणि तो गेला. सीमा तेव्हा तेवीस वर्षांची. दिवाळी सरल्यावर तिच्या पाटाचा, म्हणजे दुसऱ्या लग्नाचा, विषय आधी काढला तो भुजंगनंच. भाऊबंद कुजबुजले, बायको सत्यभामाबाई आठ दिवस बोलली नाही, पण म्हातारा हटला नाही. तरुण पोरीला आपल्या दुःखापायी घरात कोंडून ठेवायचं, हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं. कळमनुरीकडचं एक स्थळ ठरलं. पाट लागलेल्या बाईनं पहिल्या घरचं लेकरू पहिल्या घरीच ठेवायचं, ही रीत. नव्या घरच्यांनाही ते नको होतं आणि सत्यभामाबाईही लेकाची एवढी एक खूण सोडायला तयार नव्हती. सगळ्यांचं जमलं. फक्त सीमाचं जमेना.

महिनाभर तिनं होकाराची मान हलवली नाही. मग एकदा भाकरी थापता थापता, वर न बघता ती म्हणाली, "जाते मी मामा. पण त्यो माझ्या मागं रडला नाय पाहिजे. रडला तर मी गाडीतून उडी मारीन."

"न्हाई रडणार," भुजंग म्हणाला. "त्ये माझ्याकडं लागलं."

चाळीस वर्षं त्यानं मेंढरं राखली होती, आता गुडघे गेले म्हणून घरी बसला होता. कोकरू आईपासून कसं सोडवायचं हे त्याला पक्कं माहीत होतं. एकदम ओढून काढायचं नसतं. आधी घटकाभर वेगळं बांधायचं, मग दुपारभर, मग दिवसभर, आणि तोंडापुढं सारखा कोवळा पाला टाकत राहायचं. तोंड चालू राहिलं की ओरडणं आपोआप कमी होतं. माणसाच्या लेकराला पाला चालत नाही म्हणून त्यानं खेळ मांडले.

ज्वारीचं चिपाड सोलून गाडी केली. आतल्या गाभ्याची चाकं, सालीचा कणा. अंगदनं ती पहिल्याच दिवशी चावून खाल्ली, भुजंगनं दुसरी केली. कच्च्या लोकरीचा गोळा तुराटीच्या काडीला गुंडाळून मेंढी केली. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीवर हाताच्या सावलीचा बोकड नाचवला आणि पोराच्या इवल्या बोटांना शिंगं करायला शिकवलं. चुलीतल्या गार कोळशानं ओट्यावर रेघोट्या ओढल्या. हरभऱ्याचे हिरवे घाटे दोघं मिळून फोडत बसायचे, निम्मे मातीत, निम्मे पोटात. आधी सीमाही शेजारी बसायची. मग भुजंग तिला दारात बसवू लागला, मग चुलीपाशी, मग गंजीआड, मग शेतात. मेंढरांशी तासन्‌तास बोलणारा आणि माणसांपुढं नुसता घसा खाकरणारा हा म्हातारा आता दिवसभर 'बें बें' करत अंगणात रांगत होता.

"म्हातारपणी आई झालात व्हय?" सत्यभामाबाई म्हणाली. "माझा परमेश्वर एवढा व्हता तवा कुठं गेलता तुमी?"

"रानात व्हतो," भुजंग म्हणाला. आपल्या लेकाला आपण साधा खुळखुळासुद्धा कधी करून दिला नाही, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा आठवलं आणि हातातली लोकर नीट दिसेना.

संक्रांतीनंतर एकदा अंगद ओट्यावरून पडला. कपाळाला टेंगूळ आलं. सीमा समोरच होती, हात पसरून धावली. पोरगं रडत उठलं आणि तिच्या शेजारून पळत जाऊन आजोबाच्या गळ्यात पडलं.

"लागलं ग बाई वळण!" सत्यभामाबाईला आनंद मावेना.

सीमा आत गेली. काम फत्ते झालं होतं आणि भुजंगला मात्र चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं.

माघ लागला आणि चौथ्या दिवशी सीमाचे वडील ग्यानोबा गोरेगावहून जीप घेऊन आले. भुजंगनं अंगणात चिखल कालवून ठेवलाच होता. मातीचं मेंढरू करायचं आणि अंगदनं त्याला तुराटीचे पाय खोचायचे, हा नवा खेळ त्यानं याच दिवसासाठी राखून ठेवला होता. पोरगं जीभ बाहेर काढून पाय खोचत होतं. नवं लुगडं नेसलेली सीमा त्याच्यापुढं उकिडवी बसली.

"अंगद, जाऊ का मी?"

"जा," तो म्हणाला. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

ती जीपपाशी गेली. फणी राहिली म्हणून परत आली, पण घरात न जाता अंगणातच उभी राहिली. पोराचं मेंढराला तिसरा पाय खोचणं चाललं होतं. ती गेली आणि पुन्हा आली.

"मामा, त्याला कळलं तरी का?"

"न्हाई कळलं तेच बरं, बाई."

"व्हय," ती म्हणाली. "बरंच झालं."

परमेश्वरला माती दिली त्या दिवशीही तिचा चेहरा एवढा रिता झाला नव्हता. भुजंगला तिच्याकडं पाहवेना. ती जाऊन जीपमध्ये बसली. ग्यानोबानं चला म्हटलं, ड्रायव्हरनं गाडी चालू केली, पण गाडी हलेना. सीमानं दार उघडंच धरून ठेवलं होतं. कुडाच्या फटीतून भुजंगला तिचा तेवढाच हात दिसत होता. ती कान देऊन बसली आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि आपण महिनाभर काय करून बसलो ते त्याला एका क्षणात कळलं. लेकरू रडायला नको म्हणणाऱ्या त्या पोरीला आपण त्याचं रडणंही नेऊ देत नव्हतो.

त्यानं अंगदच्या हातातलं मेंढरू हिसकून घेतलं आणि हात उंच धरला.

पोरगं आधी हसलं. मग त्यानं उड्या मारल्या. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि असा टाहो फुटला की शेजारची कुत्री भुंकू लागली. भुजंगनं हात खाली आणला नाही. ती उडी मारेल, अशी भीती त्याला वाटली. मारावी, असंही वाटलं. पलीकडं दार धाडकन लागलं आणि जीप गोरेगावच्या रस्त्याला लागली.

सत्यभामाबाई आतून धावत आली. "काहून रडवलं लेकराला? डोकं फिरलं का तुमचं?"

"तिला ऐकू जाऊ दिलं," भुजंग म्हणाला. "मोकळ्या हातानं कशी जाईल ती?"

त्यानं मेंढरू पोराच्या हातात ठेवलं. आता गप्प होईल असा त्याचा हिशेब होता. अंगदनं ते जमिनीवर आपटलं. तुराट्या विखुरल्या. चिखलाचे हात डोळ्यांना लावून त्यानं अंगण पाहिलं, दार पाहिलं, आतली चूल पाहिली आणि मग तो हमसत रस्त्याकडं निघाला.

"आई."

सत्यभामाबाईनं खुळखुळा आणला, गाडी आणली, गुळाचा खडा आणला. त्यानं सगळं लोटून दिलं. महिनाभराचं साठलेलं एकदम बाहेर आल्यासारखं ते लेकरू आईला हाका मारत होतं, आणि रस्त्यावर आता धूळही उरली नव्हती.

"आवं, दाखवा की त्याला कायतरी! सावलीचा बोकड दाखवा!"

भुजंग कुडाला धरून गुडघे मोडत खाली बसला. त्यानं पोराला मांडीवर घेतलं, पण हात उचलून काही केलं नाही.

"रडू दे त्याला," तो म्हणाला. "त्याची आई गेली."