बाबा म्हणायला चौदा महिने

चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासणारी इरम रोज चिंचवडहून कंपनीच्या बसनं जायची आणि जाता-येता मोबाईलवर कादंबऱ्या वाचायची. त्या आठवड्यात तिनं एक संपवली. नायिका पोटुशी असताना गाव सोडते, नायकाला मुलाचा पत्ता लागू देत नाही. सात वर्षांनी दोघं भेटतात, मुलगा पहिल्याच दिवशी त्याच्या गळ्यात पडतो आणि शेवटी लग्न.

कादंबरीपेक्षा तिला खालचे अभिप्राय जास्त आवडायचे. 'रडवलंस गं!' 'बापापासून मूल लपवणं हा गुन्हाच.' 'सात वर्षं हा काय झोपला होता?' इरमनंही ठोकून दिलं होतं, 'नायिका स्वार्थी.' मग तिची नजर एका ठिकाणी अडकली. 'पयल्याच दिवशी पोरगा बाबा म्हणतो, हे काय पटलं न्हाई. मला चौदा महिने थांबावं लागलं. बस लावून गेटसमोरच्या कडुलिंबाखाली वाचली. बाकी बरी.'

तिनं ते दोनदा वाचलं. त्यांच्याच कंपनीच्या गेटसमोर कडुलिंब होता, आणि त्याखाली रोज एकच बस उभी असायची, ज्योतीरामकाकांची. तीन वर्षांत 'चला, बसा लवकर' यापलीकडे त्यांचा शब्द तिनं ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती सगळ्यांच्या आधी बसपाशी पोचली.

"काका, चौदा महिने म्हणजे?"

ज्योतीराम दचकले, मग हसले. "तू बी वाचतीस व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. आम्रपालीवर त्यांचं प्रेम होतं, पण लग्नाला त्यांच्या घरच्यांनी जातीवरून नकार दिला आणि हे गप्प बसले. ती पोटुशी होती, हे न सांगताच सांगवीला भावाकडे निघून गेली. आपल्याला मुलगी आहे, हे त्यांना कळलं तेव्हा पोर नऊ वर्षांची झाली होती.

"तिनं लपवलं म्हणून राग नाही आला?"

"लई आला. भांडायलाच गेलतो. तिनं एवढंच इचारलं, नऊ वर्षांत एकदा तरी फोन केलास का?" ते स्टिअरिंगवर फडकं फिरवत राहिले. "पोरीला फ्रॉक नेलता. सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचा. नऊ वर्षांची पोर केवढी असती, ते तरी कुठं ठावं होतं?"

"मग बाबा कधी म्हणाली?"

"तिच्या सायकलची चेन पडली. दारातनं वरडली, बाबा, चेन! मी खाली मान घालून चेनच बसवत राह्यलो. वर बघितलं असतं तर लाजली असती."

"आणि लग्न?"

"न्हाई. आम्रपाली म्हणली, पोरीचा बाप हो, माझं माझं चाललंय. दर रविवारी जातो. पोरगी, मिनल, कॉलेजला हाय आता. तिनंच धाडली ही कादंबरी, वाचा म्हणून."

"तिला कशी वाटली?"

"तिलाच इचार की."

रविवारी इरम खरंच त्यांच्याबरोबर सांगवीला गेली. कादंबरीचं नाव काढताच मिनल सरसावून बसली.

"तो मुलगा फारच शहाणा आहे. मी तर यांच्या चपला लपवायचे."

"जाऊ नयेत म्हणून?"

"छे! परत येऊ नयेत म्हणून. चपला नसल्या तर ते जाणार कसे, हे तेव्हा डोक्यातच यायचं नाही."

ज्योतीराम खो खो हसले. "एकदा अनवाणी गेलोय सांगवी फाट्यापर्यंत."

आम्रपाली पोह्यांच्या बशा घेऊन आली. इरमला राहवेना. "काकू, तुम्ही वाचलीत?"

"चार पानं. एकटीनं बाळंतपण काढलं, तरी त्या बाईची एकदाही कंबर दुखत नाही. बंद करून टाकली." तिनं एक बशी ज्योतीरामांपुढे सरकवली. "लिंबू पिळून घे."