उकळलेलं पाणी

सोन्या-प्लॅटिनमच्या महाग इलेक्ट्रोडऐवजी पूर्णिमा कार्बनच्या पट्टीवर तांब्याच्या ऑक्साइडचे नॅनोकण बसवायची. काळी, नखाएवढी पट्टी. पाण्यात बुडवली की नायट्रेट किती, ते सांगायची. तिची चार वर्षं त्या पट्टीत गेली होती.

कसबा बावड्याच्या घरी वहिनीला, क्रांतीला, दूध नव्हतं. दोन महिन्यांचा राजवीर पावडरीच्या दुधावर. बोअर उसाच्या कडेला. "आई, पानी तसंच घालू नको, चांगलं उकळ," हे पूर्णिमानंच सांगितलेलं. मग आई, बनाबाई, पातेल्यापुढं बसून गायची,

पानी उकळीते बाई, पानी मोत्यावानी झालं,
माज्या राजूच्या ओठाला डाळिंबाचं फूल आलं.

सोमवारी पूर्णिमानं घरच्या दोन बाटल्या प्रयोगशाळेत नेल्या. बोअरच्या पाण्यातल्या नायट्रेटचा आकडा सुरक्षित मर्यादेच्या दुप्पट आला. उकळलेल्याचा तिप्पट.

"उकळून पानी घाण हुतंय व्हय?" शेजारच्या टेबलावरचा सम्राट हसला. "पट्टी खुळी झाली की गं तुझी! दे टाकून."

तिलाही तेच वाटलं. उकळलेलं ते चांगलं, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. पट्टी कचऱ्यात गेली. नवी करायला तीन दिवस लागले.

गुरुवारी नव्या पट्टीनं तेच आकडे दिले, आणि मग पूर्णिमाच्या ध्यानात आलं. वाफ होऊन जातं ते पाणी. उसाच्या युरियातून झिरपलेलं नायट्रेट जात नाही. आटत्या पातेल्यात ते दाट होत राहतं.

तिनं फोन लावला. "आई, ते पानी देऊ नको त्याला!"

"आमी दवाखान्यात हाय, पूर्णे. पोराचं ओठ जांभळं पडल्यात."

ती पोचली तेव्हा डॉक्टरांच्या सिरिंजमध्ये काकवीच्या रंगाचं रक्त होतं. नायट्रेटमुळं त्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नव्हता. दुपार कलायच्या आत बाळ गेलं.

क्रांती भिंतीला टेकून बसली होती, न रडता. बनाबाईनं पूर्णिमाचं मनगट धरलं. "परवापास्नं लईच मलूल हुतं गं. म्हणून मी पानी निम्मं हुईस्तवर आटवलं. आणखी उकळाय पायजे हुतं व्हय?"

त्या बोटांवर वाफेचे चटके होते, ताजे.

"न्हाय आई. तू न्हाईस चुकली," पूर्णिमा म्हणाली. "उकळ म्हणून मीच सांगितलं. पट्टीनं सोमवारीच सांगितलेलं खरं काय ते. मी ऐकलं न्हाय."

"कसली पट्टी?"

उत्तराला बनाबाई थांबली नाही. मांडीवरच्या दुपट्याची तिनं घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.