पंचशीलाची शेवटची चढाई

अंबडच्या बसस्टँडामागं बेबीनंदाचं टायपिंगचं दुकान होतं. तिथं तिचा एक जुना कॉम्प्युटर मोठ्या कष्टानं चाले. २००८ च्या हिवाळ्यात तिची धाकटी बहीण पंचशीला कबड्डीच्या संघातून भिलाईला गेली होती. अंतिम सामन्याची शेवटची पाच मिनिटं कुणा मैत्रिणीनं इंटरनेटवर टाकली. निकाल विचारला, तर पंचशीला फोनवर नुसती हसली. "न्हाई सांगणार. मायला म्हणावं, डोळ्यानं बघ," म्हणाली आणि परतीच्या गाडीत बसून तिनं फोनच बंद केला.

गिरिजाबाईनं लेकीचा एकही सामना आजवर पाहिला नव्हता. सकाळीच नवं लुगडं नेसून ती दुकानात येऊन बसली.

व्हिडिओ सुरू झाला. पण पंचशीला धावायची कुठं? एका जागी पुतळ्यासारखी उभी राहायची, अन् पुढच्या क्षणी दोन हात लांब दिसायची. गुण बरोबरीत, चढाई शेवटची. पलीकडच्या पोरीनं तिचा घोटा धरला, ती पालथी पडली, मधल्या रेषेकडं हात लांबवला आणि चित्र थिजलं. आवाज मात्र पुढं पळतच राहिला. टाळ्या, शिट्ट्या, नुसता गोंधळ.

"कोण जिकलं गं?"

"कळंना, माय."

"अगं, पण हात टेकला का न्हाई तिचा?"

बेबीनंदानं पुन्हा लावला. या खेपेला तर कॉम्प्युटर घरघरला आणि बंदच पडला. तिला स्वतःचाच राग आला. फुकट मिळतंय म्हणून तिनं पडद्यावर पोहणारे मासे, तऱ्हेतऱ्हेची घड्याळं, काय काय भरून ठेवलं होतं! तिनं मशीन परत चालू करून एकेक काढून टाकलं. मग ते बंद करून, वायर काढून डबा उघडला. आतल्या पंख्यावर धुळीची गादीच साचली होती.

"आता गं बया! याला श्वास तरी कुठून मिळावा?" गिरिजाबाई म्हणाली.

शेजारच्या सायकलवाल्या अप्पारावानं हवेचा पंप आणला. बेबीनंदानं पेनानं पंखा अडवून धरला, अप्पारावानं हवा मारली. धुळीचा असा लोट उठला की तिघंही शिंकून शिंकून हसायला लागले.

आता पंखा गुपचूप फिरू लागला. चित्र सुधारलं, तरी नेट संथच होतं. बेबीनंदानं व्हिडिओ थांबवला. "खालची पट्टी पुरी भरू दे, मंग लावू."

दूध तापत ठेवल्यागत गिरिजाबाई त्या पट्टीकडं बघत राहिली.

पट्टी भरली. पंचशीला पळाली, खरीखुरी पळाली! दोघींना चुकवलं, तिसरीनं घोटा धरला. ती पडली, सरपटली, बोटं लांबवली... आणि रेषेपार टेकवली. पंचानं हात पंचशीलाच्या संघाच्या बाजूला उंचावला.

"टेकला!" गिरिजाबाई खुर्चीवरून उठून ओरडली. तिनं बेबीनंदाला घट्ट धरलं आणि दोघींचे गाल ओले झाले. मग पदर सावरत ती थेट स्टँडावर गेली आणि जालन्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या बायांना हाक मारली.

"अवं, या की जल्दी! माझी लेक जिकून राह्यली!"

बाया आल्या, त्यांच्यामागं कंडक्टरही आला. त्या दिवशी जालन्याची गाडी जरा उशिराच सुटली, पण तक्रार कुणीच केली नाही.